सी-६०च्या ट्रिप्लेटचं आयुष्य दर वेळी वेगळं येतंय आणि १०८० नॅनोमीटरचा पट्टा विश्वास ठेवण्यासारखा दिसत नाही

लक्षण साधारण असं असतं. सी-६० (साठ कार्बन अणूंचा गोल रेणू) टोल्युइनमध्ये विरघळवलं, अरगॉन सोडला, ५३२ नॅनोमीटरचा लेझर मारला आणि ७५० नॅनोमीटरच्या आसपास ट्रिप्लेटचा (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेला असलेल्या उत्तेजित अवस्थेचा) शोषणपट्टा छान वर आला. क्षयाच्या वक्रावर एका घातांकी (एक्स्पोनेन्शिअल) पदाचं फिट बसवलं, आयुष्य आलं ४० मायक्रोसेकंद. दुसऱ्या दिवशी तीच कुव्हेट (द्रावण ठेवायची पारदर्शक डबी), तेच टोल्युइन, आणि आकडा २२. आठवड्याने नवं द्रावण केलं तर ९०. मग त्यात इलेक्ट्रॉन देणारं एखादं अमाइन घालून दर स्थिरांक काढायला बसलं, की बिंदू सरळ रेषेत येत नाहीत. सी-६०च्या ऋण आयनाचा १०८० नॅनोमीटरचा पट्टा एक तर दिसत नाही, नाहीतर अमाइन न घालताही दिसतो.

या चक्रात मी अनेक महिने घालवले आहेत, आणि त्यानंतर कितीतरी नव्या संशोधकांना त्याच जागी अडकलेलं पाहिलं आहे. बहुतेकांना पहिला संशय सी-६०च्या पावडरवर येतो. नवी बाटली मागवली जाते, आकडा पुन्हा हलतो. खरी गोष्ट अशी की सी-६०चा ट्रिप्लेट इतका दीर्घजीवी आणि इतका मुबलक तयार होतो की त्याचं आयुष्य मोजताना आपण बहुतेक वेळा रेणूला मोजतच नसतो; कुव्हेटमध्ये त्याला जे जे भेटतं ते मोजत असतो. म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा. लेझरची ऊर्जा आणि डिटेक्टर आधी, ऑक्सिजन मग, पावडर त्यानंतर, आणि दाता, म्हणजे ते इलेक्ट्रॉन देणारं अमाइन, सगळ्यात शेवटी.

रेणूकडून अपेक्षा काय ठेवायची

५३२ नॅनोमीटरचा फोटॉन २.३३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. तो शोषल्यावर सी-६० सर्वांत खालच्या उत्तेजित सिंग्लेटला (स्पिन विरुद्ध दिशांना असलेल्या अवस्थेला) येतं. ही पातळी साधारण २.० इलेक्ट्रॉन व्होल्टवर आहे आणि तिचं आयुष्य सुमारे १.२ नॅनोसेकंद. इथून प्रकाश टाकून खाली येणारे रेणू हजारात एकसुद्धा नाहीत. जवळपास सगळेच स्पिन पलटवून ट्रिप्लेटमध्ये उतरतात, आणि ती पातळी १.५७ इलेक्ट्रॉन व्होल्टवर आहे. १९९१ साली आर्बोगास्ट, फूट आणि सहकाऱ्यांनी बेंझीनमध्ये केलेल्या मोजणीत ५३२ नॅनोमीटरवर सिंग्लेट ऑक्सिजनचं (ट्रिप्लेटची ऊर्जा घेऊन उत्तेजित झालेल्या ऑक्सिजनचं) उत्पादन शोषलेल्या फोटॉनमागे ०.९६ आलं, म्हणजे ट्रिप्लेटचं उत्पादनही तेवढं तरी असलंच पाहिजे. त्याच कामात ट्रिप्लेटचं आयुष्य ४० मायक्रोसेकंदांच्या आसपास मिळालं होतं.

हा ४०चा आकडा इतक्या ठिकाणी उतरवला गेला आहे की माझा आकडा ४० आला म्हणजे सगळं बरोबर आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. १९९३ साली फ्रेलिश आणि वाइसमन यांनी अतिशय सौम्य लेझर, पातळ द्रावण आणि कसून काढलेला ऑक्सिजन अशा स्थितीत मोजणी केली, तेव्हा टोल्युइनमधलं आयुष्य १३० मायक्रोसेकंदांच्या पुढे गेलं. सी-७०चं तर मिलिसेकंदांत गेलं. म्हणजे ४० हा रेणूचा मूळ आकडा नाही. तो त्या वेळच्या परिस्थितीचा आकडा आहे. तुमच्या कुव्हेटमधून २२ आला काय आणि ९० आला काय, दोन्ही तशाच एकेका परिस्थितीचे आकडे आहेत. आता ती परिस्थिती ओळखायची आहे.

लेझर कमी करा, मग पुन्हा कमी करा

मी प्रत्येकाला आधी हेच करायला सांगतो, कारण याला दहा मिनिटं लागतात आणि निम्मे गोंधळ इथेच मिटतात. दोन ट्रिप्लेट एकमेकांना भेटले की एक वर जातो, एक खाली, आणि जोडीतला निदान एक तरी नाहीसा होतो. याचा दर ट्रिप्लेटच्या संहतीच्या वर्गावर अवलंबून असतो.

हिशेब मांडून बघा. ५ मिलिज्यूलच्या एका स्पंदात ५३२ नॅनोमीटरचे साधारण २२ नॅनोमोल फोटॉन असतात. द्रावणाचं शोषण ०.३ असेल, म्हणजे सी-६० सुमारे ०.३ मिलिमोलर असेल, तर त्यातले निम्मे शोषले जातात. किरणाचा व्यास ६ मिलिमीटर आणि कुव्हेट १ सेंटिमीटरची धरली, तर उजळलेलं आकारमान पाव मिलिलिटरच्या थोडं वर. ११ नॅनोमोल तेवढ्यात पसरले की ट्रिप्लेटची संहती येते सुमारे ४० मायक्रोमोलर. ७५० नॅनोमीटरजवळ ट्रिप्लेटचा शोषण गुणांक २० हजारांच्या आसपास आहे, म्हणजे शोषणातला बदल ०.८! पडद्यावर हा संकेत फार देखणा दिसतो आणि तिथेच आपण फसतो. ट्रिप्लेट-ट्रिप्लेट टकरीचा दर स्थिरांक काही अब्ज प्रति मोलर प्रति सेकंद असतो. हिशेबापुरता ५ अब्ज घेतला तर सुरुवातीचा क्षय सेकंदाला २ लाखांच्या वेगाने होतो, म्हणजे पहिल्या पाच मायक्रोसेकंदांतच निम्मे ट्रिप्लेट संपतात. रेणूचं स्वतःचं आयुष्य १३०च्या वर असूनही.

०.१ मिलिज्यूलवर उतरलात तरी ट्रिप्लेट ०.८ मायक्रोमोलर उरतातच, आणि टकरींचा वाटा सेकंदाला ४ हजार. मूळ क्षयाचा दर सेकंदाला ७ हजारांच्या आसपास आहे हे लक्षात घेतलं, तर इतक्या मंद लेझरवरही ही बाब दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

ओळखायचं कसं? तीन वेगवेगळ्या ऊर्जांवर वक्र घ्या, प्रत्येकाची सुरुवात १ धरून एकावर एक ठेवा. ते तंतोतंत बसले तर टकरींचा प्रश्न नाही. जास्त ऊर्जेचा वक्र सुरुवातीला तीव्र उतरून मागून मंदावत असेल तर नक्की हाच दोष. अशा वक्रावर दोन घातांकी पदांचं फिट बसवून मला दोन प्रकारचे ट्रिप्लेट सापडले, असं लिहिण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. दोन पदांचं फिट इथे जवळपास नेहमीच सुंदर बसतं आणि जवळपास नेहमीच निरर्थक असतं. समीकरणात एक पद संहतीचं आणि एक पद तिच्या वर्गाचं ठेवून फिट करा, आणि वर्गाच्या पदाचा स्थिरांक सगळ्या ऊर्जांना एकच निघतो का ते बघा. एवढा खटाटोप नको असेल तर वक्राची फक्त शेपटी वापरा, जिथे लॉगच्या आलेखावर रेषा खरोखर सरळ झालेली आहे.

किरणाचा आकारही बघा. लेझरच्या मध्यभागी तप्त ठिपका असेल तर सरासरी ऊर्जा कमी असूनही त्या ठिपक्यात टकरी भरपूर होतात. आदल्या दिवशी कुणी भिंग हलवलं असेल तर दुसऱ्या दिवशीचा आकडा बदलण्याचं तेवढं कारण पुरतं.

कुव्हेटकडे जाण्याआधी एक मिनिट केबलकडे

ही तपासणी कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. ऑसिलोस्कोपचं इनपुट १ मेगाओमवर असेल आणि डिटेक्टरपासून मीटरभर कोअॅक्सिअल केबल असेल, तर केबलची धारिता साधारण १०० पिकोफॅरड होते. १ मेगाओम गुणिले १०० पिकोफॅरड म्हणजे १०० मायक्रोसेकंद. नेमका ट्रिप्लेटच्या आयुष्याच्या पट्ट्यातला आकडा! मी एकदा दोन दिवस हाच आकडा ट्रिप्लेटचा समजून वहीत लिहीत होतो. ऑक्सिजन सोडला तरी आयुष्य हलेना, तेव्हा कुठे लक्षात आलं. लोड रोधक बदलून बघा. १ किलोओमवरून ५०० ओमवर आलात आणि आयुष्य तेच राहिलं तर ते द्रावणाचं आहे, बदललं तर मंडलाचं. स्कोप एसी कपलिंगवर असेल तर शेकडो मायक्रोसेकंदांच्या संकेताची शेपटी खाली खेचली जाते आणि क्षय खरा आहे त्यापेक्षा जलद भासतो. डीसीवर ठेवा.

शोषण मोजणाऱ्या झेनॉन दिव्याला स्पंद देत असाल तर त्याचा माथा सपाट किती वेळ राहतो हेही एकदा लेझर बंद ठेवून नोंदवा. आणि दिव्यासमोर शटर हवंच. तो सतत द्रावणावर पडत राहिला तर तुमच्या नकळत प्रकाशरसायन चालू असतं.

ऑक्सिजन

उरलेल्या तक्रारींत सगळ्यात मोठा वाटा याचा. हवेशी संतुलनात असलेल्या टोल्युइनमध्ये साधारण १.८ मिलिमोलर ऑक्सिजन असतो. सी-६०च्या ट्रिप्लेटला तो सुमारे १.९ अब्ज प्रति मोलर प्रति सेकंद या दराने विझवतो, म्हणून उघड्या द्रावणात आयुष्य ०.३ मायक्रोसेकंद. हे एकदा मुद्दाम मोजून ठेवा. तुमची मांडणी बरोबर असल्याची ती उत्तम खूण आहे.

आता उलट हिशेब करा. मूळ आयुष्य १४० धरलं आणि तुम्हाला ४० मिळालं, तर जास्तीचा क्षय सेकंदाला सुमारे १८ हजार. भागाकार केला की ऑक्सिजन निघतो ९ मायक्रोमोलर, म्हणजे हवेत असतो त्याच्या अर्धा टक्का. वीस मिनिटं अरगॉन सोडून ९९.५ टक्के ऑक्सिजन घालवला, तरी जो अर्धा टक्का उरतो तेवढा आयुष्य साडेतीन पटींनी खाली आणायला पुरेसा आहे. मी अरगॉन सोडलाय या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही. किती सोडला, कशातून सोडला आणि नंतर झाकण कसलं लावलं, हे सांगावं लागतं.

सिलिकॉनची नळी ऑक्सिजनला जवळजवळ उघडं दार असते. सिलेंडरवर शुद्धतेचे कितीही नऊ लिहिलेले असोत, मीटरभर सिलिकॉनच्या नळीतून आलेला वायू शुद्ध राहत नाही. धातूची किंवा टेफ्लॉनची नळी वापरा. रबराच्या सेप्टमबद्दल (सुई टोचता येणाऱ्या बुचाबद्दल) तर मला कळकळीने सांगायचं आहे. टोल्युइनच्या वाफेने रबर फुगतं, आणि फुगलेल्या रबरातून गंधकाची संयुगं आणि त्यात मिसळलेले ऑक्सिडेशनविरोधी पदार्थ द्रावणात उतरतात. त्यांतले काही स्वतःच इलेक्ट्रॉन दाते असतात. अशा कुव्हेटमध्ये आयुष्य तासागणिक कमी होत जातं, आणि पुन्हा अरगॉन सोडूनही परत येत नाही. ऑक्सिजन आणि रबर यांच्यातला फरक इथेच कळतो: ऑक्सिजन आत शिरला असेल तर पुन्हा अरगॉन सोडल्यावर आयुष्य परत वाढतं, रबराने केलेली घाण तशीच राहते. माझ्या महिनोन्महिन्यांच्या गोंधळाचं मुख्य कारण हेच निघालं.

नेमका आकडा हवा असेल तर टेफ्लॉनच्या पिळाच्या तोटीची कुव्हेट घ्या आणि द्रावण गोठवून, निर्वात करून, वितळवायचं चक्र चार-पाच वेळा करा. तोटीला ग्रीस लावू नका. टोल्युइन ग्रीस विरघळवतं. अरगॉनच वापरायचा असेल तर तो आधी टोल्युइनच्या बुडबुडेपात्रातून न्या, नाहीतर कुव्हेटमधलं टोल्युइन उडतं आणि सी-६०ची संहती वाढत जाते.

याची एक वेगळी साक्षही मिळते. सिंग्लेट ऑक्सिजन १२७० नॅनोमीटरला मंद प्रकाश टाकतो. अवरक्त डिटेक्टर हाताशी असेल तर तिथे बघा. तिथे काही दिसलं तर ऑक्सिजन अजून आहे, वाद संपला.

कधीकधी उलटं घडतं: जसजसे स्पंद मारत जाऊ तसतसं आयुष्य वाढत जातं. बंद कुव्हेटमध्ये अमाइनसारखं सहज ऑक्सिडाइझ होणारं काही असेल, तर सी-६० स्वतःच सिंग्लेट ऑक्सिजन तयार करून उरलासुरला ऑक्सिजन खर्ची घालतं. आयुष्य वाढलं म्हणून आनंद मानू नका, कारण त्या ऑक्सिजनने केलेली उत्पादितं आता द्रावणात आहेत.

संहती आणि पावडर

सी-६०ची संहती वाढवली की आयुष्य थोडं घटतं. पाच वेगवेगळ्या संहतींवर क्षयाचा दर मोजून शून्य संहतीकडे रेषा लांबवणं हाच सरळ मार्ग. संहती वजनावरून ठरवू नका. सी-६०चे स्फटिक द्रावक धरून ठेवतात, त्यामुळे वजन फसवं असतं. शोषणावरून ठरवा.

द्रावण गाळून घ्या, ०.२ मायक्रॉनच्या टेफ्लॉन गाळणीतून. टोल्युइनमध्ये सी-६० मिलिलिटरला २.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळतं खरं, पण ते सावकाश विरघळतं, आणि न विरघळलेले सूक्ष्म कण लेझर विखुरतात. रंग जांभळा हवा. शोषणपटात ३३५ नॅनोमीटरचा मोठा पट्टा आणि ४०७ला एक बारीक, टोकदार शिखर दिसायला हवं. हे छोटं शिखर फार कामाचं आहे: सी-६०च्या गोलाची सममिती बिघडली की ते आधी पुसट होतं. बाटली उजेडात आणि हवेत पडून राहिली असेल तर त्यात एपॉक्साइड (ऑक्सिजनचा अणू जोडलेलं सी-६०) तयार झालेलं असू शकतं. वस्तुमानपटात ७२० सोबत ७३६ दिसलं तर तेच. सी-७० मिसळलेलं असेल तर गंमत वेगळीच होते. दोघांच्या ट्रिप्लेट पातळ्या जवळजवळ असल्याने ऊर्जा दोघांत फिरत राहते आणि सी-७०च्या दीर्घ आयुष्यामुळे सगळ्या मिश्रणाचा क्षय लांबतो. म्हणजे आयुष्य जास्त आलं म्हणून नमुना शुद्ध, हेही खरं नाही.

ध्रुवीय द्रावक मिसळताना सावध राहा. टोल्युइनमध्ये अॅसिटोनायट्राइल घालत गेलं आणि त्याचं प्रमाण साधारण ६० टक्क्यांपुढे गेलं, की सी-६०चे पुंजके बनतात. रंग जांभळ्याकडून तपकिरीकडे वळतो, ४०७चं शिखर हरवतं आणि ट्रिप्लेट फार लवकर विझतो. इथे ट्रिप्लेटला इलेक्ट्रॉन मिळाला म्हणून तो विझला असं लिहिलेलं मी वाचलं आहे. दाता न घालता तेवढंच अॅसिटोनायट्राइल घालून बघितलं असतं तर ती चूक टळली असती. ध्रुवीय माध्यम हवं असेल तर बेंझोनायट्राइल घ्या. त्यात सी-६० कमी विरघळतं, पण जेवढं विरघळतं तेवढं सुटं राहतं.

आता दाता

एवढं निस्तरल्यावरच इलेक्ट्रॉन हस्तांतरणाकडे या. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुमच्या दात्यासाठी मूळ आयुष्य महत्त्वाचं आहे का? दाता जोरकस असेल, समजा ५ अब्जांचा दर, आणि संहती ०.१ मिलिमोलर, तर क्षय सेकंदाला ५ लाखांचा होतो. मूळ दर ७ हजार असो की २५ हजार, उतारावर फरक पडत नाही. अशा वेळी कुव्हेटच्या मागे महिना घालवणं मला योग्य वाटत नाही. फक्त आयुष्यांच्या गुणोत्तराऐवजी थेट क्षयाचा दर आणि दात्याची संहती यांचा आलेख काढा, म्हणजे मूळ आयुष्याची डळमळ उतारात शिरत नाही. दाता कमजोर असेल, दर एक कोटीच्या घरात, तेव्हा मात्र वरची प्रत्येक गोष्ट पाळावीच लागते.

रेषा वर वाकते किंवा ट्रिप्लेटची सुरुवातीची उंचीच घटते, ही तक्रार नेहमी दाता जास्त घातल्याने येते. ०.१ मोलर दाता घातला तर दहा अब्जांच्या दराने तो सिंग्लेटलाच सेकंदाला एक अब्ज वेळा गाठतो. सिंग्लेटचा स्वतःचा दर ०.८३ अब्ज. म्हणजे निम्म्याहून जास्त रेणू ट्रिप्लेटपर्यंत पोचतच नाहीत. १ मिलिमोलरवर हाच वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास उरतो. म्हणून १ मिलिमोलरच्या वर जाण्याआधी थांबून विचार करा.

हा फरक केवळ हिशेबाचा नाही. या विषयातली मला सगळ्यात आवडणारी बाब इथे आहे. सिंग्लेटमधून तयार झालेली आयनजोडी सिंग्लेट स्पिनचीच असते, त्यामुळे इलेक्ट्रॉन परत मागे जायला काही अडकाठी नसते. डायमिथिलअॅनिलिनसारख्या दात्याला चिकटलेल्या जोडीत हे काही दशक पिकोसेकंदांत उरकतं. ट्रिप्लेटमधून तयार झालेल्या जोडीला मात्र मूळ स्थितीत परतायला आधी स्पिन पलटवावा लागतो. तेवढ्या अवधीत दोन्ही आयन एकमेकांपासून दूर सरकतात आणि मुक्त होतात. नॅनोसेकंदाच्या लेझरने आपल्याला ऋण आयन बघता येतो तो याच सवलतीमुळे. दाता भरमसाट घालून आपण ट्रिप्लेटची वाट सोडतो आणि मग पट्टा दिसत नाही म्हणून आणखी दाता घालतो.

पट्टा न दिसण्याचं दुसरं कारण द्रावक. टोल्युइनचा परावैद्युतांक २.४, बेंझोनायट्राइलचा २५. टोल्युइनमध्ये दोन आयन सुटे व्हायला ऊर्जेची मोठी किंमत पडते. बेंझोनायट्राइलमध्ये सी-६०चं पहिलं क्षपण संतृप्त कॅलोमेल या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.४ व्होल्टच्या जवळ आहे. त्यात ट्रिप्लेटचे १.५७ मिळवले की साधारण १.१ व्होल्टच्या आत ऑक्सिडाइझ होणाऱ्या दात्याकडून ट्रिप्लेट इलेक्ट्रॉन घेऊ शकतो, हा अंदाज बांधता येतो. दात्याची स्वतःची ट्रिप्लेट पातळी १.५७च्या खाली असेल, जशी टेट्रासीनची किंवा बीटा-कॅरोटीनची, तर ट्रिप्लेट ऊर्जा देऊनही विझतो. तिथे आयुष्य घटलं एवढ्यावरून इलेक्ट्रॉन हलला असं म्हणता येत नाही. आयनाचा पट्टा दाखवावाच लागतो.

दाता न घालताही १०८०ला संकेत येत असेल तर लेझरकडे बघा. ५३२ नॅनोमीटर हा निओडिमियम-याग लेझरच्या १०६४चा दुसरा गुणज. मूळ १०६४ थोडा जरी गळत असेल तरी तो तुमच्या पट्ट्याच्या अगदी शेजारी येऊन बसतो. शिवाय जाळीचा मोनोक्रोमेटर १०८०वर लावला की ५४०चा प्रकाश दुसऱ्या क्रमाने त्याच फटीतून येतो, त्यात विखुरलेला ५३२ही थोडा सापडतो. लेझरच्या वाटेत १०६४ अडवणारा फिल्टर आणि मोनोक्रोमेटरपुढे ८५० नॅनोमीटरच्या वरचंच सोडणारा फिल्टर, या दोन तुकड्यांनी हा त्रास जातो. खरा आयन ओळखायची खूण वेळेची आहे: ७५०चा संकेत ज्या वेगाने पडतो त्याच वेगाने १०८०चा चढला पाहिजे. लेझरच्या क्षणीच पूर्ण उंचीवर असलेला संकेत ट्रिप्लेटमधून आलेला नाही. साध्या सिलिकॉन डिटेक्टरची संवेदनशीलता इथे फार घसरलेली असते, इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा घ्या.

आयनाचं प्रमाण काढताना गुणांक कुठला घेतला ते लिहा. १०८०च्या पट्ट्यासाठी वेगवेगळ्या पद्धतींनी १२ हजारांपासून १८ हजारांपर्यंत आकडे आले आहेत. गुणांक न सांगता दिलेलं उत्पादन कुणालाच पडताळता येत नाही.

अमाइनच्या निवडीबद्दल एवढंच: ट्रायइथिलअमाइन टाळा. त्याचा धन आयन नायट्रोजनशेजारचा प्रोटॉन सोडतो आणि शेवटी अमाइन सी-६०ला कायमचं जोडलं जातं. दहा-बारा स्पंदांनंतर जांभळा रंग तपकिरी होत असेल आणि ४०७चं शिखर गेलं असेल तर हेच झालंय. डॅबको या अमाइनचा पिंजऱ्यासारखा सांगाडा असा प्रोटॉन सहज सोडू देत नाही, म्हणून ते इथे जास्त शहाण्यासारखं वागतं. डायमिथिलअॅनिलिन वापरणार असाल तर त्याच दिवशी ऊर्ध्वपातन करून घ्या. पिवळं पडलेलं वापरू नका.

जोडलेल्या रेणूंची वेगळी अडचण

सी-६० आणि दाता एकाच रेणूत बांधलेले असतील, बहुधा फुलरोपायरोलिडिनच्या (पायरोलिडिनचं वलय जोडलेल्या सी-६०च्या) रूपात, तर वरचे आकडे सरकतात. गोलाला बाजूचा गट जोडल्याने ट्रिप्लेटचा पट्टा ७०० नॅनोमीटरकडे येतो आणि ऋण आयनाचा १०००-१०२०च्या आसपास. १०८०लाच बघत राहिलात तर पट्टा आहे तिथेच आहे, फक्त तुम्ही त्याच्या उतरणीवर बसला आहात.

इथली खरी गुंतागुंत अशी की शेवटी ट्रिप्लेट दिसला म्हणजे इलेक्ट्रॉन हललाच नाही, असं नसतं. विद्युतभार वेगळे झालेली अवस्था ट्रिप्लेट पातळीच्या वर असेल, तर भार परत जुळताना रेणू मूळ स्थितीऐवजी ट्रिप्लेटमध्ये उतरू शकतो. टोल्युइनमध्ये ही अवस्था उंच असते, बेंझोनायट्राइलमध्ये खाली येते. म्हणून तोच रेणू दोन्ही द्रावकांत मोजा. टोल्युइनमध्ये ७००चा पट्टा नॅनोसेकंदाच्या आतच, पण आयनाचा पट्टा पडत असतानाच चढताना दिसला, आणि बेंझोनायट्राइलमध्ये ७००चा जवळजवळ नाहीसा होऊन आयनाचा पट्टा लांबला, तर ट्रिप्लेट भारांच्या पुनर्जुळणीतून येतो आहे. यासाठी नॅनोसेकंदाचा लेझर पुरत नाही; पिकोसेकंदाच्या मांडणीवर एकदा तरी जावं लागतं. गोठवलेल्या द्रावणात कालविभेदी ईपीआर (इलेक्ट्रॉनांच्या स्पिनचं चुंबकीय मापन) करता आलं तर आणखी ठाम उत्तर मिळतं, कारण सिंग्लेटमधून थेट उतरलेल्या ट्रिप्लेटचा आणि आयनजोडीमार्गे आलेल्या ट्रिप्लेटचा स्पिन-ध्रुवणाचा नमुना वेगळा असतो. शेजारी साधं, दाता न जोडलेलं फुलरोपायरोलिडिन त्याच द्रावकात, त्याच शोषणावर मोजून ठेवा. त्याच्याशिवाय यातल्या कुठल्याच पट्ट्याची उंची कशाशी ताडायची हे ठरत नाही.